मंदाचे बारा स्वाध्याय

कॉलेजात पंचवीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्याकडे ऑनलाइन कोर्स सुरू झाल्यापासून तर इतके साचले, की मैत्रिणी म्हणायला लागल्या, "साळवे बाई, आता लिहूनच काढा." म्हटलं, काढते. आणि ओळीने लावून काढते, कारण आमच्या कॉलेजात ओळीने लावलेली ही एवढीच गोष्ट असेल.

मी ग्रंथपाल. नगरला सावेडीच्या पुढे आमचं कॉलेज, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर माझी लायब्ररी. बालवाडी शिक्षिकांसाठी वर्षाचा ऑनलाइन कोर्स निघाला तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पुस्तकं लावता ना? मग या कोर्सच्या फाईल्स पण लावा. त्यात काय विशेष."

"लावते सर. फाईल्स आहेत कुठे?"

"तेच तर तुम्हाला शोधायचं आहे."

माझी नेमणूक झाली ती अशी. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त दारावर 'डिजिटल समन्वयक' अशी एक पाटी वाढली. ती पण ऑफिसातल्या पवार भाऊसाहेबांनी उलटी लावली होती.

एका मंगळवारी सकाळी फोन आला. अकोले तालुक्यात वरच्या अंगाला, धरणापलीकडच्या एका पाड्यावरची मंदा भांगरे. कोर्सची विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक सत्तावीस.

"बाई, निकालाची कच्ची यादी लागली का? माझ्या नावापुढं गैरहजर लिवलंय म्हनं. मी तं बाराच्या बारा स्वाध्याय येळेवर पाठिवलेत."

मी यादी काढली. खरंच गैरहजर. बारा रकाने, बारा रेघा.

मंदाची गोष्ट अशी होती. गावच्या बालवाडीवर तिला ठेवलं होतं, पण अटीवर. कोर्सचं प्रमाणपत्र आणून दे, नाहीतर जागा दुसरीला. पक्का निकाल सोमवारी लागणार होता. परत पाठव म्हणावं तर तारीख आजची पडणार, आणि मुदत संपलेली. म्हणजे ते बारा स्वाध्याय कॉलेजातच कुठेतरी सापडायला हवे होते. तीन ठिकाणी चार-चार पाठवलेले. मला वाटलं, दुपारपर्यंत होईल काम.

इतकी वर्षं या माणसांबरोबर काढूनही मला असं वाटलं, याची आता लाज वाटते.

*

पहिले चार गायके सरांकडे ईमेलने गेलेले. गायके सर बालमानसशास्त्र शिकवतात. डॉक्टरेट आहेत, आणि हे ते स्वतः दिवसातून दोनदा सांगतात.

सरांचे व्हिडिओ मी लावायला घेतले होते तेव्हाच मला शंका आली होती. फाईलींची नावं अशी : 'निळा शर्ट १', 'निळा शर्ट २', 'चौकडा', 'पांढरा, पेन असलेला'. मी विचारलं, "सर, यात धडा कुठला ते कसं कळणार?"

"सोपं आहे. निळ्यात भीती आणि राग घेतलंय. चौकड्यात भाषाविकास."

"आणि विद्यार्थिनींना कसं कळणार?"

"त्यांना आता सवय झालीय."

सवय खरंच झाली होती. सत्र परीक्षेत एका मुलीने उत्तर सुरू केलं होतं : 'सरांनी चौकड्याच्या शर्टात सांगितल्याप्रमाणे तीन वर्षांचे मूल प्रश्न विचारू लागते.' सरांनी तिला दहापैकी नऊ दिले होते.

तर मी मंदाचे स्वाध्याय मागितले. सर फोनमध्ये बोट फिरवत राहिले. आलेले स्वाध्याय पण त्यांनी त्याच पद्धतीने ठेवले होते. ज्या दिवशी जे आलं ते त्या दिवशीच्या शर्टात, आणि मूळ ईमेल पुसलेला.

"कुठल्या दिवशी पाठवले तिने?"

मी चार तारखा सांगितल्या.

सर विचारात पडले. मग म्हणाले, "तिला जरा विचारता का, त्या दिवशी मी काय घातलं होतं?"

*

पुढचे चार लोंढे मॅडमकडे. मॅडम बालगीतं आणि हस्तकला शिकवतात, आणि मिसळामिसळीची त्यांना फार चीड. म्हणून प्रत्येक धड्याला त्यांनी एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. अठरा धडे, अठरा ग्रुप. प्रत्येक ग्रुपला नियमावली, क्रमांक घालून. शुभ सकाळ टाकू नये. फुलं टाकू नयेत. अनोळखी नंबर घेऊ नये. स्वाध्याय ग्रुपवरच टाकावेत.

मॅडमनी दिवाळीत फोन बदलला, नंबरही बदलला. जुना फोन बहिणीच्या मुलीला दिला, तोही सगळं पुसून. ग्रुपमधून बाहेर पडल्या त्या अठराच्या अठरा. मागे ग्रुपची व्यवस्था आपोआप एका विद्यार्थ्याकडे गेली. सचिन त्याचं नाव. नागापूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला, बायकोसाठी बालवाडी काढायची म्हणून कोर्स करणारा.

मॅडमनी नव्या नंबरवरून त्याला लिहिलं, 'मी लोंढे मॅडम. मला ग्रुपमध्ये घे.'

सचिनचं उत्तर दोन तासांनी आलं, शिफ्ट सुटल्यावर. 'ओळखपत्राचा फोटो पाठवा.'

मॅडम चिडल्या. 'अरे, मी तुझी शिक्षिका आहे.'

'सगळे असंच लिहितात मॅडम. अनोळखी नंबर घेऊ नये, नियम तीन. नियम तुमचेच आहेत.'

ओळखपत्र गेलं. अठरा ग्रुपमध्ये मॅडमना घेतलं. पण नंतर आत आलेल्याला आधीचं काही दिसत नाही, हे मॅडमना तेव्हा कळलं. अठरा ग्रुप, अठरा कोऱ्या भिंती. सचिनला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "बाई, फोन भरला की मी सगळं उडवून टाकतो. वर्कशॉपमधी काम करायचं का अठरा ग्रुप सांभाळायचे?"

त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोलणारा तो एकटाच निघाला. मॅडमचं म्हणणं मात्र वेगळं. त्या मला म्हणाल्या, "बघा, माझी शिस्त मुलांमध्ये किती उतरलीय."

*

शेवटचे चार ऑफिसच्या ईमेलवर. तिथे आवक-जावक पवार भाऊसाहेबांकडे. इथे मला खरी आशा होती. पवार एक कागद कधी हरवणार नाहीत. अडचण एवढीच, की कागद नसेल तर ते आधी कागद करतात.

म्हणजे असं. मंदा धरणाच्या भिंतीजवळ रेंजमध्ये उभी राहून स्वाध्याय पाठवायची. तो ईमेलने यायचा. पवार त्याचा प्रिंट काढायचे. प्रिंटवर आवकचा शिक्का मारून क्रमांक घालायचे, सही करायचे. मग तो कागद स्कॅन करून परत कॉम्प्युटरवर चढवायचे. आणि मूळ ईमेल उडवायचे, कारण 'एकच वस्तू दोनदा कशाला'.

मी स्कॅन उघडले. फाईलींची नावं मशीनने दिलेली, नुसते आकडे. ठीक आहे, म्हटलं, एकेक उघडून बघू. पहिला उघडला. वर उजव्या कोपऱ्यात गोल जांभळा शिक्का. दुसरा उघडला. तिथेच शिक्का.

"भाऊसाहेब, यावर मुलीचं नाव कुठे आहे?"

"शिक्क्याखाली."

"शिक्क्याखाली?"

"नाव वर उजव्या कोपऱ्यात लिहायचं, अशी आपली सूचना आहे. शिक्काही उजव्या कोपऱ्यातच मारायचा, असा नियम आहे." पवारांचा आवाज अगदी शांत होता. "दोन्ही आपण पाळले."

मी मूळ प्रिंट मागून घेतले आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले. दोन-तीन ठिकाणी नुसतं 'भा' वाचता आलं. कोर्सला भांगरे, भालेराव, भागवत आणि भालके होत्या.

"मग आवक रजिस्टर दाखवा. क्रमांकावरून काढू."

पवारांनी रजिस्टर उघडलं. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. क्रमांक, तारीख, तपशील. तपशिलाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, पान उलटलं तरी, एकच ओळ : 'स्वाध्याय, पाने चार.'

*

राहिला कॉलेजचा ड्राइव्ह. कोर्सच्या सुरुवातीला सगळ्यांनी सगळ्याची एक प्रत तिथे टाकायची, असं ठरलं होतं, आणि निदान पहिले काही महिने लोकांनी टाकली होती. तिथे मंदाचं काहीतरी असणार. एरवी तो थेट उघडायचा, पण बुधवारी सकाळी मी उघडायला गेले तर कॉम्प्युटर म्हणाला, ओटीपी टाका.

ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? चौकशी केली. काळे भाऊसाहेबांच्या. काळे मागच्या वर्षी निवृत्त होऊन पाथर्डीकडे गावी गेले. खातं काढलं तेव्हा टेबलावर त्यांचाच फोन पडला होता, म्हणून त्यांचा नंबर घातलेला.

फोन लावला. वहिनींनी उचलला.

"आकडं आलेत व्हय. पन हे शेतात गेलेत."

"वहिनी, तुम्ही वाचून सांगता का? पाच मिनिटांत सांगावे लागतात."

"मला न्हाई वाचता येत. थांबा, हाक मारते."

पाच मिनिटं वहिनींच्या हाका ऐकत बसले. मुदत गेली. परत आकडे मागवले. तेवढ्यात काळे आले, धापा टाकत.

"साळवे बाई का? आकडे देतो. आधी एक सांगा. माझ्या निरोप समारंभाचा फोटू अजून मिळाला न्हाई. वरीस झालं. सायबाला तीनदा फोन केला."

"फोटो ड्राइव्हवर असेल भाऊसाहेब."

"मंग द्या की काढून."

"ड्राइव्ह उघडायला आकडे लागतात."

"फोटू द्या, आकडे देतो."

मी त्यांना समजावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आकडे मागवताना मी म्हटलं, "भाऊसाहेब, एका पोरीची बालवाडीची जागा जाईल. तुमचा फोटो मी शोधून देते. साळवे बाईंचा शब्द."

काळ्यांचा सूर एकदम बदलला. मग म्हणाले, "पोरीचं हाय व्हय? मंग घ्या." आणि एकेक आकडा असा मोठ्याने सांगितला, की लायब्ररीतली दोन मुलं वर बघायला लागली.

ड्राइव्ह उघडला. फोटो सापडला, लगेच पाठवला. संध्याकाळी काळ्यांचा फोन आला. "बाई, मिळाला. पन ह्यात सायेब पुढं उभा हाय. माझा निस्ता फेटा दिसतोय."

*

ड्राइव्हमध्ये फोटो सापडायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं, कारण तिथे फोटोंशिवाय काही नव्हतंच.

कोर्सच्या उद्घाटनाचे फोटो. नारळ फोडण्याआधी, फोडताना, फोडल्यानंतर. पाहुण्यांना शाल. त्याच पाहुण्यांना तीच शाल, दुसऱ्या बाजूने. प्राचार्य कॉम्प्युटरच्या माऊसला हळदीकुंकू लावताना, असे सत्तर. व्हिडिओ एक नाही. स्वाध्याय एक नाही.

मी तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, धडे कुठे गेले?"

"मागच्या महिन्यात ड्राइव्ह भरला म्हणून मेसेज आला होता. मीच पवारांना सांगितलं, मोठ्या-मोठ्या फाईल्स काढून टाका."

"मोठ्या फाईल्स म्हणजे धडेच होते सर. वर्षभराचे. आणि मुलींचे स्वाध्याय?"

"ते त्याच फोल्डरमध्ये असतील तर तेही गेले असतील, मला काय माहीत. फोटोंना मात्र हात लावू नका म्हणून मी बजावून सांगितलं होतं." सरांनी मान वर केली. "उद्घाटन परत थोडंच करता येतं."

मला फार राग आला. तो चेहऱ्यावरही आला असणार, कारण सरांनी मला बसा म्हटलं. मी सरांना आठवण करून दिली, की शुक्रवारी कोर्स तपासायला बाहेरून समिती येणार आहे आणि ती धडे बघायला मागणार आहे. मग सरांचाही चेहरा बदलला. गायके सरांना बोलावलं. त्यांच्या फोनमध्ये दोन निळे आणि एक चौकडा एवढंच उरलं होतं. लोंढे मॅडमकडे अठरा कोरे ग्रुप होते.

संध्याकाळी मंदाने धरणाच्या भिंतीपाशी येऊन फोन केला, तेव्हा मी खरं ते सांगितलं. "मंदा, इथे काही सापडलं नाही गं."

ती म्हणाली, "मी उंद्या येते, बाई."

*

गुरुवारी मंदा आली. पाड्यावरून जीप, मग एसटी, मग अजून एक एसटी, मग रिक्षा. खांद्याला पिशवी, हातात फोन, काचेला आडवी चीर गेलेली. मी तिला पाणी दिलं आणि प्राचार्यांकडे घेऊन गेले. गायके सर आणि लोंढे मॅडम तिथेच बसलेले, दुसऱ्या दिवशीच्या काळजीत.

"सर, ह्ये बघा. बारा स्वाध्याय. पाठिवल्याची तारीख, टाइम, समदं हाय."

सरांनी फोनकडे न बघताच सांगितलं, "तुझ्या फोनात असेल गं. पाठवलं म्हणजे मिळालं असं होत नाही. आमच्या रेकॉर्डला नाही."

"मंग म्या काय करू?"

"लेखी अर्ज दे. विषय, कारण, सही. बघू."

सोमवारी निकाल होता आणि सर बघू म्हणत होते. 'बघू' म्हणजे काय, हे मला पंचवीस वर्षांत कळलं आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या फोनवर माझी नजर गेली. स्वाध्यायांच्या वर, त्याच पडद्यावर आणखी कप्पे होते. बालमानसशास्त्र. बालगीते. हस्तकला. आरोग्य. आत धड्याचा क्रमांक, धड्याचं नाव.

"मंदा, हे काय आहे?"

"धडे. समदे. पैल्यापासून."

"तू सगळे ठेवलेस?"

"आमच्या पाड्यावर रेंज न्हाई बाई. आयतवारी धरणाच्या भिंतीपाशी यायचं, तासभर मिळतो. तेवढ्यात उतरवून घ्यायचं आन् घरी जाऊन नावं घालून लावायचं. आमी चार जनी ह्याच फोनवर बघतो ना. शोधत बसाया कुनाकडं येळ हाय?"

तिघांच्या दोन-दोन, तीन-तीन पदव्या भिंतीवर लावता आल्या असत्या. सगळ्यांचा वर्षभराचा कोर्स त्या चिरलेल्या काचेखाली होता. वर्षभरात पहिल्यांदाच मला कुणीतरी पुस्तकं लावणारं माणूस भेटलं होतं. खूप बरं वाटलं मला.

प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. आवाज एकदम मऊ झाला. "अरे वा, मंदाताई. हे सगळं आमच्या कॉम्प्युटरवर टाका ना जरा. आत्ताच. पवारांना सांगतो केबल आणायला."

मंदाने फोन पिशवीत ठेवला. उद्धटपणे नाही, अगदी सावकाश.

"देते की सर. लेखी अर्ज द्या."

गायके सर खोकले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.

सरांनी लिहायला घेतलं. विषय लिहिला, कारण लिहिलं. मंदा उभ्यानेच वाचत होती. "सर, कुनाकडून पायजे त्ये लिवलं न्हाई."

सरांनी लिहिलं, 'विद्यार्थिनीकडून'.

"नाव?"

'कु. मंदा भांगरे'.

"हजेरी क्रमांक सत्तावीस. जिनं बाराबी स्वाध्याय मुदतीत दिलेत. तसं लिवा, म्हंजी नीट कळंल कोन त्ये."

सरांचं पेन थांबलं. बाहेर पवार केबल घेऊन उभे होते. समिती उद्या सकाळी अकराला यायची होती. सरांनी लिहिलं, खाली सही केली, आणि पवारांना सांगितलं, "परीक्षा विभागातून कुणाला तरी पाठवा. हिचे रकाने आत्ता भरून घ्या. माझ्यासमोर."

मंदाने फोनवर बारा स्वाध्याय दाखवले, सर-मॅडमनी बघून गुण सांगितले, रकाने भरून झाले. गुण मी स्वतः दोनदा वाचून पाहिले. मग मंदाने फोन पुढे केला, पण केबल जोडायच्या आधी सरांच्या कागदाचा एक फोटो घेतला आणि अंगठ्याने काहीतरी टाइप करत बसली. सर घड्याळ बघत होते.

मी मागून वाकून पाहिलं. फोटोला ती नाव देत होती.

'प्राचार्य, अर्ज १'.